सातव्या खोक्यातली सखू

सर मस्टरवर पेन्सिलीनं सही करायचे.

प्राचार्यांनी त्यांना दोनदा लेखी समज दिली होती. एकदा हेडक्लार्कनं वैतागून स्वतःचं बॉलपेन त्यांच्या खिशात खोचलं, तर सरांनी मेलेली पाल उचलावी तसं ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवलं. "कागदाजवळ शाई न्यायची नाही," ते म्हणाले. "तिथं चालत नाही."

'तिथं' म्हणजे कुठं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मी नगरच्या त्या कॉलेजात इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. सर तिथले ग्रंथपाल, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरे स्वच्छ केस, डोक्यावर कधी टोपी नाही. डावखुरे. बोलणं इतकं हळू, की समोरचा आपोआप पुढं वाकायचा. मुलं त्यांना घाबरत नसत, पण त्यांच्या टेबलापाशी रेंगाळतही नसत.

एकदा त्यांनी कपाटाचं दार उघडलं तेव्हा आतल्या बाजूला डकवलेला कागद मला दिसला. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नियम होते ते. तिथं जुनी हस्तलिखितं, पत्रं, रोजनिशा असा दुर्मीळ संग्रह एका वेगळ्या वाचनकक्षात ठेवलेला असतो, आणि तिथं बसायचे नियम कडक असतात. हात धुऊन या. पेन आणू नका. पाणी आणू नका. एका वेळी एकच फाईल उघडा. पान उशीवर ठेवून वाचा. सर हे सगळे नियम आमच्या धुळकट ग्रंथालयात पाळायचे. इतकंच नाही, केडगावच्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते हात धुऊन, पुसून, वर्तमानपत्र एका छोट्या उशीवर ठेवून वाचत होते. चहा दुसऱ्या खोलीत जाऊन प्यायचा.

"सवय असलेली बरी," ते म्हणाले. "ऐनवेळी गोंधळ नको."

त्यांच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या श्रीरामपूरच्या, नर्स म्हणून नोकरी झालेल्या, मोकळ्या बोलणाऱ्या. पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अकरा वाजले की ह्यांना हाक मारू नका हं. बाकी काही त्रास नाही ह्यांचा."

अकराचं काय, ते मी त्याआधीच पाहिलं होतं. एका सकाळी एक जुनं गॅझेटियर हवं होतं म्हणून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गेले. तिथं फक्त बांधणीला आलेली पुस्तकं असायची. सर एका लांब टेबलाशी बसले होते. शेजारी रिकामी खुर्ची, टेबलापासून जराशी ओढून घेतलेली, लहान मूल चढून बसेल एवढी. सरांचं तोंड त्या खुर्चीपुढच्या रिकाम्या टेबलाकडं वळलेलं आणि डावा हात स्वतःच्या कागदावर चाललेला. ते कागदाकडं बघतच नव्हते. दुसऱ्याच्या वहीत बघून उतरवून घेताना माणूस जसा बघतो, तसे ते त्या मोकळ्या लाकडाकडं बघत होते. मधेच थांबायचे, वाट पाहायचे, पुन्हा लिहायचे.

मी दोनदा हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. खोलीत ऊन आलं होतं, बाहेर मुलांचा गलका चालला होता. मी रिकाम्या खुर्चीकडं गेले, टेकायला म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते न वळता म्हणाले, "त्या खुर्चीवर नको, मॅडम. थांबा थोडं. लिहितीये."

पाच-सात मिनिटांनी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं:

'आज बाईंनी माझे केस कापिले. मी रडले नाही. केस इहिरीत टाकू नका म्हणून सांगितले. बाई हासल्या. धोंडूस भाकर मिळती काय कोण जाणे.'

"इहिरीत?" मी विचारलं.

"तिनं तसंच लिहिलंय. आपल्याला दुरुस्त करायचा अधिकार नाही."

मग त्यांनी सांगितलं. सरांच्या पणजोबांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला एका मोठ्या दुष्काळात कुणीतरी नगरला मिशनच्या दारात आणून सोडलं होतं. भावाचं नाव धोंडू, बहिणीचं सखू. भावाला मुलांच्या बोर्डिंगात ठेवलं, बहिणीला मुलींच्या. पुढच्या वर्षी भाऊ तिला भेटायला गेला, तर ती नव्हती. मडमबाई तिला कुठं घेऊन गेल्या म्हणे. नंतर बाईच मायदेशी परत गेल्या. धोंडू म्हातारा होईपर्यंत येईल त्या पाद्र्याला विचारत राहिला. मग त्याचा मुलगा विचारत राहिला. उत्तर कुणाकडंच नव्हतं.

कॉलेजात इंटरनेट आल्यावर सरांनी कितीतरी महिने त्या मडमबाईंचं नाव शोधलं, आणि एक दिवस ते सापडलं. बाईंच्या वारसांनी त्यांचे सगळे कागद त्या परदेशी विद्यापीठाला दिले होते. कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादीही होती. सातव्या खोक्यापुढं एक ओळ होती : 'मुलीची शाळेची वही, मराठी. लिहिणारी अज्ञात.'

"मी ती ओळ वाचली मंगळवारी," सर म्हणाले. "बुधवारी अकराला इथं बांधणीची पुस्तकं मोजत होतो. शेजारी बघितलं तर वही."

"आणि ती? सखू?"

"ती दिसत नाही. आवाज नाही. फक्त अक्षर उमटत जातं."

हे त्यांनी पावती फाडून द्यावी इतक्या साधेपणानं सांगितलं.  त्या दिवसापासून मी एक केलं, ते जे जे उतरवून घेत ते मी माझ्या डायरीत तारीख घालून लिहून ठेवू लागले. भक्तीनं नाही. खरं सांगायचं तर त्यांचं पितळ उघडं पडेल तेव्हा पुरावा हवा म्हणून.

ते विद्यापीठ दरवर्षी काही अभ्यासकांना फेलोशिप देतं. दूरच्या माणसांनी तिथं येऊन कागद पाहावेत म्हणून विमानाचं भाडं आणि महिनाभर राहायची सोय. सर दरवर्षी अर्ज करायचे. एका वर्षी इंग्रजी तपासायला म्हणून त्यांनी तो मला दाखवला. 'संशोधनाचा उद्देश' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : माझ्या पणजोबांची बहीण आपल्या सातव्या खोक्यात आहे. तिला भेटायचे आहे.

"सर, हे असं चालणार नाही," मी म्हटलं. "मिशन शाळांमधलं मुलींचं शिक्षण, असं काहीतरी लिहा. रिसर्चच्या भाषेत."

त्यांनी माझी दुरुस्ती खोडरबरानं नीट पुसली. "मला रिसर्च नाही करायचा मॅडम. खोटं लिहून गेलो तर ती कशाला बोलेल माझ्याशी?"

नकार यायचा. नकाराच्या पत्राची ते प्रिंट काढायचे आणि बायकोच्या लग्नातल्या ट्रंकेत ठेवायचे. मग पुन्हा अकरा वाजायचे. दोन-अडीच वर्षांत माझ्या लक्षात आलं, की मजकूर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शेवटचं वाक्य असायचं, 'उद्या गाड्या जुंपून डोंगरावर जायचे.' दुसऱ्या दिवशी पुन्हा मुळाक्षरं, मग बेरजा, मग कापलेले केस.

"वही संपली की ती परत पहिल्या पानावर येते," सर एकदा म्हणाले. त्या दिवशी ते फार थकलेले दिसत होते. "तिला पुढं जाता येत नाही. कुणीतरी तिकडं जाऊन ती वही उघडली पाहिजे. नुसती यादीत आहे, बंद खोक्यात. तुमचं-माझं काय, आपण सुट्टीच्या दिवशी तरी बाहेर पडतो."

ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या वर्षी त्याच फेलोशिपसाठी मी अर्ज केला.

त्यांना न सांगता केला, हे इथं लिहिलंच पाहिजे. मिशन शाळांमधलं मुलींचं शिक्षण असा विषय घेतला. त्यात एका अज्ञात मुलीच्या वहीबद्दल एक परिच्छेद होता, आणि माझ्या सबंध अर्जातला तोच एक चांगला परिच्छेद होता. तो सरांचा होता. मला फेलोशिप मिळाली.

चार दिवस मी केडगावला जायचं टाळलं. पाचव्या दिवशी गेले, उंबऱ्यातच सांगून टाकलं. सरांच्या बायकोच्या हातातली परात तशीच राहिली. सर उशीवरचं वर्तमानपत्र घडी घालत होते. ती घडी पूर्ण करून ते म्हणाले, "बरं झालं. बाईमाणूस बघून तिला बरं वाटेल."

त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं गेले असते. त्याऐवजी ते पंधरा दिवस रोज मला शिकवत राहिले. हात कसे धुवायचे, ठिसूळ पान कसं उलटायचं. "आणि नुसती वही बघून उठू नका. तिच्या अलीकडची आणि पलीकडची फाईलही उघडा. यादी करणाऱ्याला मराठी येत नसणार. एकीकडची गोष्ट त्यानं दुसरीकडं ठेवली असेल." निघायच्या दिवशी फाटकापाशी एवढंच म्हणाले, "एक पान तरी मोठ्यानं वाचा. तिचं लिहिलेलं कुणी मोठ्यानं वाचलेलं नाही."

तिकडं हिवाळा होता. वाचनकक्ष उबदार, शांत, काचेच्या भिंती. तिथल्या बाईंनी राखाडी खोकं आणून ठेवलं. सातवं. मी माझी डायरी शेजारी उघडली आणि वही बाहेर काढली. निळसर पुठ्ठा, कोपरे कुरतडलेले, तळहातांवर मावेल एवढी.

मुळाक्षरं. बेरजा. मग, 'आज बाईंनी माझे केस कापिले.'

मी एकेक ओळ डायरीशी लावून पाहिली. 'इहिरीत' तसंच. 'हासल्या' तसंच. जिथं सरांनी एक शब्द दोनदा उतरवला होता, तिथं वहीतही तो दोनदा होता. माझी तारीखवार लिहिलेली डायरी तीन वर्षांपूर्वीची, आणि ही वही शंभराहून अधिक वर्षं ह्या मुलखातून हललेली नव्हती. मी पाणी प्यायला बाहेर गेले. 

परत आले आणि पुढं वाचू लागले. मधे दोन पानं एकमेकांना चिकटली होती. तिथल्या बाईंना बोलावलं. त्यांनी एक पातळ हाडाची पट्टी आणली आणि पाव तास खपून ती सोडवली. त्या पानांवरचा मजकूर सरांनी कधी उतरवलेला नव्हता.

'रोज घंटेस एक म्हातारा येऊन शेजारी बसतो. टोपी नाही. मी लिहिते ते पाहून उतरून घेतो. डाव्या हाताने लिहितो, त्यास कोणी छडी मारीत नाही. बाईंस दिसत नाही. मी विचारिले तुम्ही कोण. त्याने ऐकिले नाही. धोंडूसारखे कान आहेत. मी भीत नाही.'

 शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मला तिकडं मान वळवायचं धाडस होत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत कक्ष मोकळा झाला, तेव्हा मी त्या बाईंना परवानगी विचारली. त्यांनी जराशा नवलानं मान हलवली. मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. माझा आवाज त्या काचेच्या खोलीत परका वाटत होता. 'उद्या गाड्या जुंपून डोंगरावर जायचे,' इथं आले, आणि वही मिटली.

मग सरांनी सांगितल्याप्रमाणे पलीकडची फाईल उघडली. मडमबाईंनी आपल्या बहिणीला लिहिलेली इंग्रजी पत्रं. त्यातल्या एकात ते होतं. उन्हाळ्यात बाई मुलींना घेऊन बैलगाड्यांनी पश्चिमेच्या डोंगरांकडं निघाल्या होत्या. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या पुढं सखूला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. पाटलानं आपल्या शेताच्या कडेला, ओढ्याच्या वळणावर उंबराखाली जागा दिली. गावाचं नाव होतं. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, की तिच्या भावाला तोंड दाखवायचा मला धीर झाला नाही, म्हणून मी त्याला काही कळवलं नाही, आणि तिची वही माझ्याजवळ ठेवून घेतली.

फोनवर मी सरांना काही सांगितलं नाही. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते.

परत आले त्याच आठवड्यात केडगावला गेले. सकाळचे अकरा वाजत आले होते, आणि सर अंगणात मोकळेच बसले होते. मला पाहून म्हणाले, "तुम्ही वही कुठल्या वारी उघडलीत?"

"सोमवारी."

"मंगळवारपासून बंद आहे."

मी आधी पत्र सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या बायकोनं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मी चिकटलेल्या पानाचा फोटो पिशवीतून काढून सरांना दिला. ते हात धुऊन आले, त्यांनी चष्मा लावला, आणि तो वाचला. पुन्हा वाचला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. एवढ्या वर्षांत त्यांना भ्यालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे मी दिसायचो तिला," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिनं विचारलं हो, तुम्ही कोण. आणि मला ऐकू नाही आलं."

त्यांच्या बायको हळूच म्हणाल्या, "भ्याली नाही म्हणतीये ना पण? मग झालं."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं अकोल्याच्या एसटीत बसलो. तिथून जीपनं पुढं. गाव लहान, भातखाचरांच्या उतरंडीवर वसलेलं. कापणी होऊन गेली होती. उंबर कुठं आहे विचारलं, तर एका खाचरात पेंढा गोळा करणाऱ्या साठीच्या बाईनं विळा कमरेला खोचला आणि स्वतःच पुढं चालू लागली.

ओढ्याच्या वळणावर उंबर होता. बुंधा जुना, मधे फुटून पुन्हा वाढलेला. त्याच्याखाली खाटेएवढी जागा गवताची, चारी बाजूंनी खाचर, पण तेवढी जमीन उंच, अखंड.

"हितं आमी नांगर घालीत न्हाई," बाई म्हणाली. "माजा सासरा सांगायचा, नको घालू. त्येला त्येच्या बानं सांगितल्यालं. का, ते कुनालाच ठावं न्हाई." मग गवतावर बसलेल्या दोन बगळ्यांकडं बोट करून म्हणाली, "आन ह्ये बगा नवल. समद्या शिवारात बगळं उतरायचं, हितं कदी न्हाई. गुरं सुदिक कडंनं जायाची. आता म्हैना झाला, बसाया लागल्यात."

मी मनातल्या मनात हिशेब केला, वही उघडल्याला महिनाच झाला होता. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी चपला काढल्या, गवताच्या कडेला गुडघ्यावर बसले. वय झालेलं, बसताना बायकोनं दंड धरला. मग त्यांनी फोटोंच्या प्रती काढल्या आणि वही वाचली. सावकाश, चुकांसकट. शेवटची पानं वाचताना आवाज फुटला, तरी थांबले नाहीत.

शेतकरीण बाई सगळं ऐकत उभी होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "कुनाची वो पोर?"

"आमची," सर म्हणाले. "माझ्या पणजोबांची बहीण."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

सरांनी प्रार्थना म्हटली. रोजची, घरातली. शेवटाला आले आणि मधेच अडकले. बायको त्यांच्याकडं पाहू लागल्या. त्यांनी मान वर केली.

"आमच्या घरात इथं एक वाक्य जास्तीचं असतं," ते मला म्हणाले. "पणजोबा म्हणायचे, आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे. 'आणि सखूला सांभाळ, ती जिथं असेल तिथं.' लहानपणापासून म्हणतोय. आता ते कसं म्हणायचं?"

 ओढ्याला थोडंसंच पाणी होतं, त्याचा आवाज येत होता.

"त्यात काय," शेतकरीण बाई म्हणाली. "हितं हाय म्हना."